ढोल पथकात नव्यानं येताय? बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या नवख्यांसाठी

बेळगावात ढोल वाजवणाऱ्याचे वर्षात दोन मोसम. वैशाखात शिवजयंती. आपल्याकडे ती परंपरेप्रमाणे वैशाख शुद्ध द्वितीयेला होते आणि पुढे चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. मग भाद्रपदात गणपती. पहिल्या मोसमात ऊन जीव काढतं, दुसऱ्यात पाऊस ढोलाचा आवाज उतरवतो. मधल्या काळात गावची जत्रा, लग्नाची वरात, एखादं उद्घाटन असतंच.

नवी मुलंमुली पथक सोडतात ती ताल जमत नाही म्हणून, असा समज आहे. प्रत्यक्षात कंबर धरते, बोटं फुटतात, कान वाजायला लागतात आणि दुसऱ्या आठवड्यात सरावाला दांडी पडते. ताल शिकवायला पथकात दहाजण असतात. ढोल अंगावर कसा घ्यायचा आणि अंग कसं सांभाळायचं हे बहुतेक वेळा कुणी नीट सांगत नाही, म्हणून इथे त्यावर जास्त लिहिलं आहे.

१. काय वाजवायचं ते आधी ठरवा

ढोल-ताशा पथक, झांजपथक, हलगी-घुमकं (दोन चर्मवाद्यांची जोडी) आणि बेंजो पार्टी (बेंजोवर गाणी वाजवणारा ताफा) ही चार वेगळी कामं आहेत. बेंजो पार्टी हा बहुतेक ठिकाणी धंदा असतो, तिथे शिकाऊ माणसाला जागा कमी. हलगी लेझमीला आणि कुस्तीच्या फडाला लागते. ती ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांच्याकडे बसूनच शिकावी, व्हिडिओवर शिकलेली हलगी लगेच ओळखू येते. नवख्यासाठी सगळ्यात मोकळं दार पथकाचं.

पथकात सुरुवात ढोलानं करा. ताशा बघायला हलका वाटतो, पण तर्री (दोन काड्यांनी भरभर वाजवायचे ठोके) सलग आणि एकसारखी यायला महिने जातात आणि ताशा चुकला की मागचे सगळे ढोल चुकतात. पहिल्याच वर्षी ताशा मागणाऱ्याला पथकप्रमुख हसून ढोलाकडे पाठवतात, त्याचा राग मानू नका.

२. नाव नोंदवताना

सोबत न्यायचे कागद:

- आधारची झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- वय १८ च्या आत असेल तर आईवडिलांचं सहीचं संमतिपत्र
- रक्तगट आणि घरच्या दोन माणसांचे फोन नंबर, एका कागदावर लिहून
- दमा, फिट्स, हृदयाचा किंवा कमरेचा जुना त्रास असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी

आजार लपवू नका. मिरवणुकीत चक्कर आली तर शेजारच्याला काय करायचं ते माहीत असलं पाहिजे.

पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. वर्गणी किती आणि तीत काय काय धरलं आहे? कुर्ता-फेटा पथकाचा की आपला? पान (ढोलाच्या तोंडावर ताणलेला पडदा) फाटलं तर खर्च कुणाचा? सुपारीचे (पैसे ठरवून वाजवायला घेतलेल्या कार्यक्रमाचे) पैसे कुठे जातात? सुपारीच्या पैशांतून ढोलांची दुरुस्ती, टेम्पोचं भाडं, नाश्ता निघतो, हे ठीकच आहे, पण हिशेब वर्षातून एकदा सगळ्यांसमोर मांडणारं पथक निवडा. हिशेब विचारल्यावर जिथे तोंड वाकडं होतं, तिथे पुढे फाटलेल्या पानावरूनही भांडण होतं.

मुलींनी आणखी दोन गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात: मिरवणुकीच्या मार्गावर स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे आणि रात्री घरी सोडायची जबाबदारी कोणाची. ‘बघू की’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

३. ढोल ओळखून घ्या

मधला पोकळ भाग म्हणजे पिंप. ते लोखंडी, फायबरचं किंवा जाड प्लास्टिकचं असतं. दोन्ही तोंडांना कड्यावर बसवलेली पानं. एका पानावर उघड्या हातानं थाप पडते, तिथून घुमारा येतो. दुसऱ्यावर टिपरू (वाजवायची छोटी काठी), तिथून कडक आवाज. उजव्या हातानं काम करणारा माणूस उजव्या हातात टिपरू धरतो आणि डाव्या हातानं थाप देतो. दोन्ही कड्यांमधून नागमोडी गेलेला दोर पानं ताणून धरतो. काही नव्या ढोलांना दोराऐवजी नटबोल्ट असतात.

वजन पिंपावर ठरतं. साधारण ७-८ किलोपासून १५ किलोपर्यंत ढोल मिळतात. पहिल्या वर्षी हलका मागून घ्या. मोठ्या ढोलाचा मोह सगळ्यांना असतो, पण तीन तासांनंतर त्याच ढोलाची थाप सर्वांत आधी मरते.

घेतलेला ढोल वाजवण्यापूर्वी तपासा. दोर सगळीकडे सारखा ताणलाय का? पानाच्या कडेला, कड्याजवळ बोटानं चाचपून बघा. पान फाटतं ते बहुधा तिथूनच. मधोमध एकदा आणि कडेला चार ठिकाणी हलकं वाजवा. एका बाजूला आवाज बसका आला तर त्या बाजूचा दोर सैल आहे. ताण वाढवताना एकाच बाजूनं ओढत जाऊ नका. समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून ओढा, नाहीतर कडं तिरकं बसतं आणि पान एका कडेला फाटतं.

४. ढोल बांधणं

निम्मी कंबरदुखी इथेच ठरते.

- आधी सुती पंचा किंवा ओढणी तीन-चार पदरी करून कमरेभोवती गुंडाळा. पट्ट्याची कडा थेट अंगाला लागता कामा नये.
- दुसऱ्या माणसाला ढोल उचलून धरायला सांगा. स्वतः वाकून, झटक्यात उचलू नका.
- ढोलाचा भार कमरेच्या हाडावर यायला हवा, पोटावर नाही. वरची कड साधारण बेंबीच्या रेषेत. खाली गेला तर चालताना मांडीला आपटतो, वर गेला तर बरगडीला लागतो आणि श्वास कोंडतो.
- पट्ट्याचे दोन वेढे घ्या आणि गाठ बाजूला, हाताला सहज लागेल अशी ठेवा.
- गाठ सुरगाठच हवी, एका ओढीत सुटणारी. निरगाठ मारलेला ढोल चक्कर आलेल्या माणसाच्या अंगावरून काढायला वेळ लागतो आणि पट्टा भिजला असेल तर गाठ दातांनीही सुटत नाही.

बांधल्यावर दहा पावलं चाला, दोनदा उडी मारा. ढोल जागेवरून हलला तर परत बांधा. पहिल्या आठवड्यात वाजवू नका म्हटलं तरी चालेल, फक्त ढोल बांधून अर्धा तास मैदानाला फेऱ्या मारा. कंटाळवाणं आहे, पण मिरवणुकीत वाजवण्यापेक्षा उभं राहणंच जास्त असतं. पुढचं मंडळ अडलं की तुम्ही तासभर त्याच जागी. तेव्हा गुडघे ताठ ठेवू नका, पाय खांद्याइतके फाकवून भार एका पायावरून दुसऱ्यावर घेत राहा. थांबा लांबणार असं दिसलं की ढोल सरळ उतरवून ठेवा. त्यात कमीपणा नाही.

५. बोटं

थापेच्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आधी सोलतात. वाजवण्यापूर्वी दोन्ही बोटांच्या पहिल्या पेरावर मेडिकलमध्ये मिळणारी कापडी चिकटपट्टी दोन वेढे लावा. नख निळसर दिसलं तर पट्टी घट्ट झाली. ओली झाली की बदला, कारण ओल्या पट्टीखाली कातडी मऊ होऊन लवकर फाटते. आलेला फोड फोडू नका. फुटलाच तर स्वच्छ पाण्यानं धुऊन, कोरडा करून झाका आणि त्या हाताला दोन दिवस सुट्टी द्या.

टिपरू मुठीत आवळून धरणं ही सगळ्यात सर्रास चूक. अंगठा आणि तर्जनी यांच्यात पकडा, बाकीची बोटं नुसती टेकलेली. फटका मनगटातून येतो. खांदा दुखत असेल तर तुम्ही दंडानं मारताय. टिपराच्या कडा पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करा. नवं टिपरू तसंच वापरलं तर तुमची तर्जनी आणि ढोलाचं पान दोन्ही कापतं. खिशात एक जास्तीचं टिपरू कायम असू द्या.

६. हात बसवणं

पथकात ठरावीक बोलांच्या आकृतीला ‘हात’ म्हणतात: पहिला हात, दुसरा हात. प्रत्येक पथकाचा थोडा वेगळा, तो तिथेच शिका. त्याआधी घरी दोन्ही हात एका चालीवर आणण्यासाठी हा सोपा सराव करा. थापेला ‘धूम’ आणि टिपराला ‘टक’ म्हणू:

धूम टक टक टक | धूम धूम टक टक

आठ मात्रा, तोंडानं म्हणत. ढोल नको, उशी आणि मांडी पुरे. मोबाईलवर मेट्रोनोम (ठरावीक वेगानं ठोके देणारं अ‍ॅप) घ्या, मिनिटाला ६० ठोके. पाच मिनिटं न अडखळता झालं की ६५, मग ७०. एका दिवसात दहाच्या वर वाढवू नका. आवाज मोठा काढायची घाई नको. नवख्याचा डावा हात बहुतेक वेळा किंचित उशिरा पडतो. ते मोठ्या आवाजात झाकलं जातं, हळू आवाजात लगेच कळतं.

सराव साधारण गणपतीच्या दोन-अडीच महिने आधी, वाद्यपूजन करून सुरू होतो. नोकरी-कॉलेजमुळे वेळ संध्याकाळचीच मिळते. कॉलेजच्या परीक्षेच्या तारखा पहिल्याच दिवशी पथकप्रमुखांना देऊन ठेवा. हजेरीवरूनच मिरवणुकीत पुढची ओळ मिळते.

सरावाची जागा निवडताना नियम लक्षात घ्या. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाद्य वाजवता येत नाही. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, ती सणाच्या दिवसांसाठी असते, सरावासाठी नसते. दवाखाने, शाळा-कॉलेजं आणि कोर्टाभोवती १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरवता येतो. म्हणून साडेनऊला आवरतं घ्या. पोलीस ठाण्यात द्यायचा परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये असेल तर काम लवकर होतं, उगाच दोन फेऱ्या पडत नाहीत. पथकात एकतरी कन्नड नीट लिहिणारा असतोच, त्याला धरा.

७. ओळीत वाजवताना डोळा वापरा

मैदानात जमलेला हात मिरवणुकीत फाटतो, आणि मग ‘मागचे नीट वाजवत नाहीत’ अशी ओरड होते. खरं कारण बहुधा अंतर असतं.

हिशेब करा. ३० ढोल पाच-पाचच्या सहा ओळींत उभे आहेत. दोन ओळींत ३ मीटर धरले तर शेवटची ओळ पहिलीच्या १५ मीटर मागे. ताशे त्याच्याही पुढे ५ मीटर. म्हणजे ताशापासून शेवटचा ढोल २० मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तेव्हा ताशाचा ठोका मागे पोचायला सेकंदाचा सतरावा भाग लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांची चाल असेल तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो. मागच्या ढोलवाल्यानं कानावर विसंबून वाजवलं तर तो ठोक्याच्या आठव्या भागाइतका मागे पडला. त्याचा आवाज पुन्हा पुढे यायला तेवढाच वेळ, म्हणजे पुढच्यांना तो चौथ्या भागानं उशिरा ऐकू येतो. पुढचे बिचकून हळू होतात, ताशे चिडून जोरात होतात आणि हात तुटतो.

यावर इलाज तीन. मागच्या ओळींनी ताशावाल्याचा किंवा टोलवाल्याचा (टोल म्हणजे ठोका देणारी धातूची जाड थाळी) हात बघायचा, कानानं माग काढायचा नाही. ओळी जवळ ठेवायच्या, फोटोसाठी लांबवायच्या नाहीत. आणि पथक मोठं असेल तर मध्ये एक टोल ठेवायचा, त्यानं पुढच्या ताशाकडे बघून वाजवायचं आणि मागच्यांनी त्याच्याकडे बघायचं.

गल्लीत दुसरी अडचण येते. बेळगावचा सार्वजनिक गणेशोत्सव १९०५ पासूनचा, लोकमान्य टिळकांच्या हस्ते झेंडा चौकात सुरू झालेला. विसर्जनाची वाटही जुन्या वस्तीतूनच जाते. हुतात्मा चौकातून निघालं की रामदेव गल्लीसारख्या अरुंद जागी दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि आपल्याच ढोलाचा पडसाद शेजारच्या ढोलासारखा वाटतो. इथे चाल मुद्दाम थोडी उतरवा, आणि सोपा हात घ्या. अवघड हात टिळक चौकासारख्या मोकळ्या जागी. मोकळ्या चौकात आवाज पसरतो, तिथे उलट जोर लावावासा वाटतो आणि चाल पळते. गर्दी ओरडायला लागली की चाल वाढतेच. त्या वेळी तोंडानं मोजत राहणारा माणूसच ओळ सावरतो.

८. कान

कामाच्या जागी आवाजाची सुरक्षित मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास धरतात. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. ताशाशेजारी १०० सहज ओलांडतात. मिरवणूक तर तासन्‌तास चालते.

कापसाचा बोळा जवळजवळ काही अडवत नाही. फोमचे इअरप्लग घ्या, मेडिकलमध्ये किंवा हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतात. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं दाबून धरा. वरवर अडकवलेला प्लग काही कामाचा नाही. ‘प्लग घातला तर ताल ऐकू येत नाही’ ही तक्रार पहिले दोन दिवस टिकते.

डीजेच्या गाडीच्या लगेच मागे-पुढे उभं राहायची वेळ आली तर पथकप्रमुखांना अंतर मागायला सांगा. लेझरच्या झोताकडे बघू नका. कानात शीळ वाजत राहिली आणि ती दुसऱ्या दिवशीही थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जा.

९. ऊन आणि पाऊस

चामड्याचं पान उन्हात आकसतं, दमट हवेत सैल पडतं. वैशाखात दुपारी कडक ताणलेला ढोल टेम्पोत उन्हात राहिला तर पान तडकतं. तेव्हा दुपारी सैल ठेवा, संध्याकाळी सावलीत ताणा. भाद्रपदात उलट. खानापूरकडच्या पथकांना हे जास्त माहीत, तिकडे पाऊस थांबतच नाही. पावसाळ्यात वाजवण्यापूर्वी ऊन असेल तर पान पंधरा-वीस मिनिटं त्यात ठेवा. जाळ करून शेकायचा प्रकार नवख्यानं करू नये, एक मिनिट जास्त झालं की पान जातं.

फायबरच्या पानाला पावसाचं भय नाही, आवाज मात्र कोरडा येतो. पुष्कळ पथकं टिपराकडे फायबर आणि थापेकडे चामडं ठेवतात. आपल्या हवेला ही जोडी चांगली.

१०. मिरवणुकीच्या दिवशी

पिशवीत:

- दोन टिपरं, चिकटपट्टी, कात्री, इअरप्लगचे दोन जोड
- पाण्याची बाटली, ओआरएसची दोन पाकिटं (मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, निम्मं-निम्मं करू नका)
- ढोल झाकायला मोठा प्लास्टिकचा कागद, कोरडा पंचा
- केळी, शेंगदाण्याची चिक्की
- फोन आणि ओळखपत्राची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत

उपाशी वाजवू नका, उपवास असला तरी काहीतरी पोटात असू द्या. दोन तास आधी भाकरी-भाजी किंवा पोहे, नंतर दर अर्ध्या तासाला चार घोट पाणी. अनंत चतुर्दशीची मिरवणूक कपिलेश्वर तलावापर्यंत पोचायला दुसरा दिवस उजाडतो, म्हणून पाळ्या लावा. एका ढोलाला दोन वादक हे प्रमाण चांगलं. पायात जुने, सवयीचे बूट. त्या दिवशी नवी चप्पल काढणारा बारा वाजता अनवाणी असतो.

बंदोबस्ताला बाहेरगावचे पोलीस असतात, त्यांच्याशी कन्नडमधून बोलणारा एकच माणूस ठरवा. दहाजण एकदम बोलायला लागले की साधी गोष्ट बिघडते. ‘सर, ऐदु निमिष’ म्हटल्यावर पाच मिनिटं मिळतातही, पण थांबा म्हटलं की थांबायचं. अँब्युलन्स, दवाखाना, अंत्ययात्रा, कुणाची प्रार्थनेची वेळ: पथकप्रमुखांचा हात वर गेला की त्याच ठोक्याला ढोल बंद. हात पुरा करू, मग थांबू, हे चालत नाही. कुणी कोसळलं तर सुरगाठ ओढा, ढोल बाजूला, माणूस सावलीत किंवा मोकळ्या हवेत, आणि ११२ ला फोन.

११. दुसऱ्या दिवशी

झोपण्याआधी एवढं कराच: ढोल कोरड्या फडक्यानं पुसा. गुलाल पानावर राहिला की ओल धरतो. दोर दोन-तीन बोटं सैल सोडा. भिजलेलं चामडं सावलीत, वाऱ्यावर वाळवा, उन्हात किंवा चुलीजवळ नाही. दोन दिवसांनी पूर्ण वाळल्यावर ढोल जमिनीपासून उंच, शक्यतो टांगून ठेवा. चामड्यावर उंदीर येतात, हे लक्षात ठेवा. ढोल एकावर एक रचू नका, खालच्याचं कडं वाकतं.

फाटलेलं पान, तुटलेला दोर, हरवलेलं टिपरू त्याच दिवशी पथकाच्या वहीत लिहा, ढोलाच्या नंबरासकट. लहान भोक असेल तर चिकटपट्टीनं एखादी सुपारी निभावते, पण ते पान वहीत ‘बदलायचं’ म्हणूनच नोंदवा. पानं बसवणाऱ्या कारागिराकडे सणाच्या आधी रांग असते, म्हणून दुरुस्तीला ढोल दिवाळीनंतर लगेच पाठवा.